सरासरी तेरा

बुधवारी सकाळच्या गाडीला सात माणसं चढली. मी तक्त्यात सात लिहिलं, वेळ लिहिली, नऊ बावन्न, आणि मान वर केली. विमलबाई तिकीटखिडकीची फळी लावत होत्या.

"सातच?" मी विचारलं.

"सातच."

"सोमवारी एकेचाळीस होते. काल बारा. आज सात."

"मोजता चांगलं तुमी, सायेब."

"पण असं का होतंय?"

"आता मानसाचं काय सांगावं? ज्याले जायचं तो जाते, ज्याले नाही जायचं तो घरी बसते." त्यांनी फळीला कडी घातली. "चहा घेता काय?"

त्या हसू दाबत होत्या. ते मला दिसलं होतं. बाहेरून आलेला, हातात पाटी आणि तक्ते घेऊन रिकाम्या फलाटावर बसलेला माणूस कोणालाही हसू आणेल, असं मी धरून चाललो.

ही दोन हजार अकराच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत लागलो होतो, अजून कायम झालो नव्हतो. कंपनीकडे विदर्भातल्या एका अरुंद रेल्वेमार्गाचं काम आलं होतं. सत्त्याहत्तर किलोमीटरचा मार्ग, सकाळी एक गाडी जायची आणि संध्याकाळी तीच परत यायची. चार डबे, ताशी वीसचा वेग. फाटक आलं की गाडी थांबायची, खलाशी उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. या मार्गाचे रूळ रुंद करायचे की मार्गच बंद करायचा, हा प्रश्न होता. उत्तर प्रवाशांच्या संख्येवर ठरायचं होतं. म्हणून प्रत्येक थांब्यावर सोमवार ते रविवार असा सात दिवस एकेक माणूस बसवला होता. सोनखास हॉल्ट माझ्या वाट्याला आलं.

हॉल्ट म्हणजे पत्र्याची एक खोली, एक सिमेंटचा बाक आणि पिवळी पाटी. स्टेशनमास्तर नाही, सिग्नल नाही. विमलबाई तायडे इथल्या हॉल्ट एजंट होत्या. म्हणजे रेल्वेच्या नोकर नव्हेत. जंक्शनवरून तिकिटांची गड्डी आणायची, इथे विकायची, त्यावर थोडं कमिशन. आधी हे काम त्यांच्या नवऱ्याकडे होतं. तो वारल्यावर सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आलं. वय चाळीसच्या आसपास, आवाज खणखणीत. गाव हॉल्टपासून एक किलोमीटरवर होतं, पण त्यांचं घर रुळाच्या पलीकडे एकटंच होतं. मी झोपायला ग्रामपंचायतीच्या खोलीत आणि जेवायला त्यांच्याकडे, अशी व्यवस्था झाली होती.

पहिल्याच संध्याकाळी, सोमवारी, त्यांनी मला सरळ विचारलं होतं.

"सायेब, गाडी राहीन काय?"

"ते माझ्या हातात नाही. मी फक्त मोजतो."

"पन मोजूनच ठरवतीन ना?"

"मोजूनही ठरवतील."

समोर त्यांची मुलगी मयूरी गुडघ्यावर वही ठेवून गणितं सोडवत होती. अकरावी सायन्स. तालुक्याचं कॉलेज अठ्ठावीस किलोमीटर. सोनखासच्या पाच मुली रोज सकाळच्या गाडीने जात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. एसटी नऊ किलोमीटरवरच्या फाट्याला मिळायची, तीही दोनदा.

"हिच्या काकानं पोरगा पाहून ठेवला हाय," विमलबाई म्हणाल्या. मुलगी समोर आहे म्हणून आवाज कमी केला नाही. "म्या म्हनलं, शिकू द्या. तो म्हने, गाडी हाय तोवर शिकव वयनी. गाडी बंद झाली का पोरगी नऊ किलोमीटर पायी पाठवशीन काय? तवा माह्यं ऐकशीन. म्या हो म्हनून बसली."

"कशाला हो म्हणालात?"

"तवा वाटे, शंभर वर्साची गाडी, हे काय बंद होते!"

"आई, सर जेवून रायले ना," मयूरी म्हणाली. मग माझ्याकडे वळून एकदम पुस्तकी मराठीत, "सर, तुम्ही संख्याशास्त्र केलंय ना? आम्हाला विचलन आहे. मॅडमनी नीट नाही शिकवलं."

मी तिला मध्य आणि विचलन समजावलं. एकदा सांगितलेलं तिला पुरे व्हायचं. तिने पुढची चार उदाहरणं माझ्याकडे न बघता सोडवली.

त्याच रात्री जेवणानंतर, आणि मग मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी जेवण झाकून ठेवून लवकरच, विमलबाई बाहेर पडल्या. "जरा गावात जाऊन येते," म्हणाल्या. मंगळवारी परत आल्या तेव्हा त्यांच्या चपला धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. गाव तर एकाच किलोमीटरवर होतं. मी विचारलं नाही. दिवसभर कोणाशी बोलणं नसायचं; संध्याकाळी मिळेल तेवढ्या बोलण्यात मी अशा चौकशा घालत नव्हतो. दुपारी फलाटावर माझ्याशिवाय कोणी नसे. मी पाटीवर कागद ठेवून गेल्या दिवसाच्या बेरजा पुन्हा तपासायचो. तपासायला फार काही नव्हतं.

गुरुवारी मी नऊला खोलीतून निघालो आणि थांबलो.

गावातून हॉल्टकडे जाणारा रस्ता माणसांनी भरला होता. बैलगाड्या होत्या, सायकली होत्या, बाकीचे पायी. म्हाताऱ्यांनी धुतलेली धोतरं आणि कडक टोप्या घातल्या होत्या. बाया ठेवणीतली लुगडी नेसल्या होत्या. पलीकडच्या शिवारातूनही, जिथे वाट आहे हेही मला माहीत नव्हतं तिथून, माणसांची रांग येत होती. गोंगाट नव्हता. लग्नघरी पाहुणे लवकर पोचल्यावर जशी दबकी लगबग असते, तशी होती.

खिडकीसमोर ओळ लागली होती. ओळ सरळ ठेवायला उत्तमराव गावंडे उभे होते. सत्तरीचे, पूर्वीचे सरपंच, आता रेल्वे बचाव समितीचे अध्यक्ष. समितीत ते आणि आणखी दोघं.

"नमस्कार सायेब," ते म्हणाले. "मोजा. एकही सोडू नका."

"हा मोर्चा आहे का?"

"छ्या! कोनाच्या हातात झेंडा दिसते? कोनी घोषना देते? आम्ही प्रवासी हाओ. प्रत्येकाचं तिकीट हाय. बिनातिकीट मानूस सापडला तर मले सांगा, मी सोता उतरवतो."

"पण एवढे सगळे आजच?"

"हे पाहा. कलेक्टर कचेरीवर पन्नास मानसं घेऊन गेलो, तर चपराशी भेटला. पाचशे घेऊन गेलो, तर कलेक्टर. तवा पान्याची टाकी झाली. गर्दी दिसल्याबिगर सरकार हालत नाही. माह्यं आयुष्य गेलं त्यात." त्यांनी आवाज खाली आणला. "कापूस न्याले गोऱ्यायनं ही गाडी टाकली. ते गेले, तवापासून एक वीतभर रूळ वाढला नाही. अन् तिकडे तुमच्या मुंबई-पुन्याले तासाले तीनशेची गाडी आनाची बोलनी चालू हायेत म्हनते. आना बाप्पा! आम्ही कायले अडवू? आमची वीसची हाय, तेवढी राहू द्या म्हना."

तक्त्यात प्रवासाचं कारण लिहायचा एक रकाना होता. मी ओळीच्या कडेने चालत विचारत गेलो. बँक. दवाखाना. लेकीकडे. मोटारपंप दुरुस्तीला. चष्मा. बियाणं. पेन्शन. एक बाई साडी बदलून आणायला निघाली होती, दुकानदाराने दिवाळीत दिलेली. ही सगळी खरी कारणं होती. शेवटाकडे एक माणूस गालाला उपरणं बांधून उभा होता.

"कारण?"

"दाढ काढाची हाय."

"कधीपासून दुखतेय?"

"सोमवारपासून. जीव चालला. पन विमलबाई आली घरी, म्हने भाऊ, गुरुवारपर्यंत कळ काढ. तुही एक दाढ अन् गावाची गाडी." तो हसायला गेला आणि त्याने गाल धरला. "म्हनलं, ठीक हाय."

मी खिडकीकडे पाहिलं. आत विमलबाई तिकिटं देत होत्या आणि त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. सोमवारी रात्रीपासून बुधवारपर्यंत त्या चार गावं फिरल्या होत्या. दारोदार जाऊन त्यांनी लोकांना सांगितलं होतं, की जे काम असेल ते थांबवा, गुरुवारी मोजणी आहे, गुरुवारीच निघा.

गाडी दहा मिनिटं उशिरा आली. गार्ड खाली उतरला आणि ओळीकडे बघत राहिला.

"उत्तमराव, जत्रा कुठं हाय हो?"

"तालुक्याले. सगळ्यायची कामं एकाच दिवशी निघाली. योगायोग."

"मंग डबे वाढवाले लागन."

"तेच तर मागून रायलो तीस वर्सापासून!"

लोक हसले. माणसं डब्यांत मावेनात, तेव्हा पोरं टपावर चढली आणि म्हाताऱ्यांना दारात जागा करून दिली. दाढेवाल्याला कोणीतरी खिडकीजवळ बसवलं. पाचही मुली बायांच्या घोळक्यात दबून उभ्या होत्या. मयूरीने मला हात केला. मी दोनदा मोजलं, एकदा चढताना आणि एकदा गार्डबरोबर डब्याडब्यांतून, आधीपासून बसलेले वगळून. दोन्ही वेळा तीनशे बारा.

गाडी गेल्यावर फलाटावर आम्ही दोघंच उरलो. विमलबाई खोलीतून बाहेर आल्या. गड्डी संपली होती, शेवटची तिकिटं त्यांनी कोऱ्या पुस्तकावर हाताने लिहून दिली होती. बोटांना शाई होती.

"लिहिलं?" त्यांनी विचारलं.

मी पाटी त्यांच्याकडे वळवली. त्यांनी आकड्यावर बोट ठेवून वाचला. "तीनशे बारा."

"तीनशे बारा."

"आता राहीन," त्या म्हणाल्या, आणि बाकावर बसून पदराने तोंड पुसत बराच वेळ हसत होत्या.

आकड्याच्या पुढच्या रकान्यावर माझा तळहात होता. मुद्दाम ठेवला होता असं नाही. पाटी धरली की तो तिथेच येतो. त्या रकान्याचं शीर्षक होतं, दिवस सामान्य आहे का? होय किंवा नाही. नाही असल्यास कारण. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवशी मी होय लिहिलं होतं. सूचनापुस्तिकेत बारावं कलम होतं. यात्रा, निवडणूक, बंद किंवा संघटित गर्दी असलेला दिवस असामान्य समजावा. असामान्य दिवसाचे आकडे नोंदवावेत, परंतु सरासरीत धरू नयेत. कलम चुकीचं नव्हतं. यात्रेच्या दिवशी मोजून कोणी मार्ग बांधायला लागलं तर त्याला थांबवणारं कलम होतं ते.

संध्याकाळच्या गाडीने सगळे परत आले. कोणाच्या हातात औषधाच्या पिशव्या, कोणाकडे बियाण्याची पोती. दाढेवाल्याच्या तोंडात कापूस होता आणि तो सगळ्यांना मूठ उघडून दाढ दाखवत होता. मी ग्रामपंचायतीच्या खोलीत आलो, गुरुवारच्या ओळीत "नाही" लिहिलं आणि पुढे "संघटित गर्दी".

शुक्रवारी नऊ माणसं चढली. पाच मुली आणि इतर चार.

"आज नऊच?" मी म्हणालो. या वेळी मला उत्तर ऐकायची घाई नव्हती.

"आता कोन जाईन, सायेब?" विमलबाईंनी मोकळेपणाने सांगितलं. "सगळ्यायची कामं उरकली काल. पंधरा दिवसाचा बाजार करून आले लोक."

"आणि एरवी? असा साधा दिवस असला तर?"

"एरवी असतेच चाळीस, पंचेचाळीस. बाजाराच्या दिवशी साठ. तुमी सोमवारी पाहिलं ना."

गावात फोनची रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर यायची. उत्तमरावांनी पाचशे माणसं नेऊन मिळवलेली टाकी तीच. मी अकराव्या पायरीवर उभा राहून पुण्याला वर्तक सरांना फोन लावला. ते प्रकल्पाचे प्रमुख होते. शांत माणूस, आवाज कधी चढवत नसत. मी त्यांना सगळं सांगितलं.

"गुरुवार असामान्य लिहिलास ना?"

"लिहिला."

"मग?"

"सर, पण बाकीचे दिवससुद्धा सामान्य नाहीत. लोकांनी मंगळवार-बुधवारची कामं थांबवली आणि पुढच्या दिवसांची आधीच उरकली. खरे प्रवासी चाळीसच्या पुढे आहेत."

"कोण म्हणतं?"

"हॉल्ट एजंट."

"तिचं कमिशन आहे त्यात, पेंडसे." ते थांबले. "बरं, समजा तू म्हणतोस ते बरोबर आहे. मंगळवार, बुधवार, शुक्रवार सगळे असामान्य धरले. मग सामान्य काय उरलं? एक सोमवार. एका दिवसाची सरासरी काढू?"

"दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजता येईल."

"अठरा थांब्यांवर अठरा माणसं बसली आहेत. एकट्या सोनखाससाठी पुन्हा? अहवाल एकतीस मार्चला जायचाय. तुला हवं तर शेऱ्यात लिही. फेरसर्वेक्षणाची शिफारस, तुझ्या सहीने. मी वर पाठवतो. ते विचारतील की हा मुलगा कोण, त्याने गावकऱ्यांना आधी का थांबवलं नाही, मंगळवारी बारा दिसल्यावर चौकशी का केली नाही. मी काय सांगू?"

आवाज तुटायला लागला म्हणून मी एक पायरी वर चढलो.

"डोळ्यांनी दिसलं ते लिहायचं. बाकीचं आपलं काम नाही. जेवतोस ना नीट?"

"हो सर."

जूनमध्ये मला कायम करणार होते. ते त्यांनी फोनवर काढलं नाही, आणि मीही नाही. शेऱ्यासाठी तक्त्याच्या तळाशी दोन रेघा होत्या. मी त्या मोकळ्या सोडल्या.

शनिवारी सहा चढले. संध्याकाळी विमलबाई चुलीपाशी होत्या, मयूरी वही घेऊन ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसली. तिने वहीच्या मागच्या पानावर आकडे उतरवले होते. तिकिटं तिच्या आईनेच विकली होती, त्यामुळे आकडे तिच्याकडे असणारच.

"सर, सहा दिवसांचे तीनशे सत्त्याऐंशी होतात. सरासरी साडेचौसष्ट."

"बरोबर."

"पण विचलन फार मोठं येतं. एकच आकडा सगळं ओढतो." तिने पेन्सिल गुरुवारवर टेकवली. "तुम्ही परवा सांगितलं होतं, असा एखादा आकडा असला तर काही वेळा तो बाजूला ठेवतात."

"काही वेळा."

"हा बाजूला ठेवला तर पंधरा होतात."

आतून विमलबाईंनी विचारलं, "भाकर घेऊ काय टाकाले?"

"घे ना आई," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "सर, हा धरणार ना?"

"ते वर ठरतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत होती. सोळा वर्षांची मुलगी. तिने वही मिटली आणि ताटं घ्यायला आत गेली.

रविवारी तीन चढले. संध्याकाळच्या गाडीने मी निघालो. निरोप द्यायला उत्तमराव आले होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि म्हणाले, "तुमच्यासारखा चोख मानूस आला हे आमचं नशीब."

अहवालात सोनखास हॉल्टच्या पुढे "दैनिक सरासरी: तेरा" असं छापलं गेलं. सहा दिवसांचे अठ्ठ्याहत्तर, भागिले सहा. मी ते स्वतः तपासलं. त्याच वर्षी एक नोव्हेंबरपासून गाडी बंद झाली. मी त्याआधीच कायम झालो होतो.

त्यानंतर आठ वर्षं मी हेच काम केलं. शेवटची दोन वर्षं एका प्रस्तावित वेगवान रेल्वेमार्गावर, दोन मोठ्या शहरांमधल्या. तिथे मोजायला गाडीच नव्हती. म्हणून आमची माणसं विमानतळावर आणि मोठ्या हमरस्त्यांच्या टोलनाक्यांवर उभी राहून विचारत. तीनशेच्या वेगाची गाडी अमुक भाड्यात सुरू झाली तर तुम्ही वापराल का? कॉफी पिता पिता लोक हो म्हणत. त्या हो म्हणणाऱ्यांचं प्रमाण काढून, गुणून, आम्ही त्यांना प्रवासी म्हणून अहवालात मांडत होतो. पद्धत जगभर मान्य आहे. ती प्रश्नावली माझ्या सहीने बाहेर गेली.

दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरात पुण्यात या मार्गावर जाहीर चर्चा होती. सभागृह भरलं होतं. एका निवृत्त प्राध्यापकांनी उठून विचारलं, की एवढ्या पैशात विदर्भ-मराठवाड्यातले किती मार्ग रुंद झाले असते? व्यासपीठावरच्या अर्थतज्ज्ञांनी सौम्यपणे उत्तर दिलं. मागणी नाही तिथे गुंतवणूक म्हणजे दान असतं, म्हणाले. मग त्यांनी एक कागद काढला.

"उदाहरण देतो. विदर्भातला एक अरुंद मार्ग. शास्त्रशुद्ध सर्वेक्षण झालं. एका थांब्यावर दिवसाला प्रवासी किती? तेरा. तेरा माणसांसाठी रेल्वे चालवायची का? त्यांना रोज टॅक्सीने सोडलं तरी स्वस्त पडेल."

सभागृह हसलं. आकडेवारी त्यांना आमच्याच कार्यालयाने पुरवली होती. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. शेजारच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या, तेव्हा मीही ओठ हलवले.

त्या आठवड्यात मी रजा टाकून सोनखासला गेलो. घरी विचारणारं कोणी नव्हतं. ऑफिसात कुठे जातो ते सांगितलं नाही.

फाट्यावर उतरून नऊ किलोमीटर चाललो. रूळ जागेवर होते, पण त्यांच्यामधून बाभळी वर आल्या होत्या. पत्र्याची खोली कोणीतरी उचलून नेली होती. विमलबाईंच्या घराला कुलूप होतं. शाळेत चौकशी केली, तर त्या तिथेच होत्या, पोरांची खिचडी शिजवत. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला आधी ओळखलं.

"सायेब! मोजनीवाले!" त्यांनी झाऱ्या ठेवला आणि हात पदराला पुसले. "बसा, बसा. पायी आले काय? पायीच येनार म्हना, आता गाडी कुठची."

उत्तमराव तीन वर्षांपूर्वी गेले होते. मयूरीचं लग्न बारावी न होता झालं, अठरा पूर्ण झाल्यावर तिसऱ्या महिन्यात.

"पोरगा चांगला हाय. कंपनीत हाय, चाकणले. दोन लेकरं हायेत तिले."

चाकण माझ्या घरापासून पस्तीस किलोमीटरवर आहे.

"विमलबाई," मी म्हणालो, "मी एक सांगायला आलोय. त्या मोजणीबद्दल."

"काय सांगता? मले माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"गावातले लोक म्हने, सायबानं कमी लिहिलं. म्या म्हनलं, चूप बसा. तीनशे बारा लिहिलेले म्या या डोयानं पाहिले. त्यायनं लिहिलं, वरच्यायनं खाल्लं. आठ वर्सं भांडून रायली मी लोकायशी तुमच्यापायी." त्या हसल्या. "पेपरात तेरा आलं तवा सगळे माह्यावर धावले. मयूरी पन काय बोलली ठाव हाय? म्हने, आई, तो दिवस धरला नसन. म्या तिले झापली. थांबा, तिलेच लावते फोन. तुमीच सांगा तिले."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी नंबर लावला होता. "मयूरी, कोन आलं पाह्य! अवं, मोजनीवाले सायेब. विचार त्यायले, दिवस धरला होता का नाही ते. घे." फोन त्यांनी माझ्या हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या.

"सर?" आवाज बाईचा झाला होता. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. "बरे आहात?"

"हो. तू?"

"आई समोर आहे?"

"हो."

"मग फक्त हो नाही तर नाही, एवढंच बोला. तो दिवस धरला नव्हता ना?"

"नाही," मी म्हणालो.

विमलबाई भुवया उंचावून माझ्याकडे पाहत होत्या.

"मला माहीत होतं. अठ्ठ्याहत्तर भागिले सहा. पेपर वाचला त्या दिवशीच करून पाहिलं होतं." मग ती भराभर बोलली. "सर, तुम्ही आईला सांगायला आला असाल तर सांगू नका. बाकीचे दिवस रिकामे का गेले, हे तिला मग कळेल. चार गावं पायी फिरली होती ती. दारोदार सांगितलं होतं, की थांबा म्हणून. माझ्यासाठी. कळतंय ना सर?"

"हो."

"मग आता मोठ्यानं म्हणा. धरला होता म्हणा."

शाळेची पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती. कोणीतरी ताटली वाजवत होतं. विमलबाईंनी त्याला हातानेच गप्प केलं, म्हणजे त्यांना नीट ऐकू येईल.

"धरला होता," मी म्हणालो.

विमलबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"ऐकलं?" त्या तिला म्हणाल्या. "म्या सांगत नव्हती काय?"